केंड म्हणजे केंड

आपल्या शेजारी, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली की बांगडे-तारले टोपल्यांत जातात आणि काही जीव वाळूतच राहतात. पोट टम्म फुगवून पडलेला असतो तो केंड. मी एकदा एका रापणकाराला विचारलं, "आणि अंगभर काटे असतात तो?" तो म्हणाला, "तोय केंडच. खावचो नाय." संपलं!

शास्त्रात ही घराणी दोन. केंडाच्या दातांच्या पट्ट्या चार, म्हणून टेट्राओडॉन. काटेरीला वर एक, खाली एक, म्हणून डायोडॉन, म्हणजे चक्क दोनदात्या. एरवी त्याचे काटे अंगासरसे निजलेले असतात. संकट आलं की तो पाणी गिळतो, फुगतो आणि काटे उभे राहतात. लिनियसने १७५८ साली एका जातीला 'डायोडॉन हिस्ट्रिक्स' म्हटलं. हिस्ट्रिक्स म्हणजे ग्रीकमध्ये साळिंदर. इंग्रजांनाही साळिंदरच आठवलं. समुद्रातल्या जिवाला नाव द्यायला माणूस रानात जातो, ही मोठी गंमत आहे.

जपानी मात्र रानात गेले नाहीत. त्यांचं नाव 'हारिसेंबोन', हजार सुया. (काटे असतात त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण नावात कोण मोजतं?) तिथली मुलं करंगळीत करंगळी अडकवून वचन देतात, ते मोडणाऱ्याने हजार सुया गिळायच्या असतात. ओकिनावात या माशाला 'अबासा' म्हणतात, आणि काटेरी कातडं सोलून त्याचं सूप करतात.

म्हणजे जो खातो त्याला वेगळं नाव लागतं. केंडाच्या यकृतात नि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. फुगू आणि हारिसेंबोन यांत घोटाळा झाला तर जेवणाऱ्याचा जीव जाईल. जपानात फुगू कापायला परवाना लागतो तो काही उगाच नाही.

माझे एक मित्र माशांची मराठी नावं जमवतात. काटेरीला 'साळमासा' म्हणावं, असा त्यांचा आग्रह आहे. शब्द गोड आहे, कोशात शोभेलही. पण बाजारात तो माझ्या पोटात गोळा आणील. वेगळं नाव मिळालं की माणूस चव विचारतो. उद्या कुणी सोललेला केंड 'साळमासा' म्हणून पुढे केला, तर ओळखायचं कशावरून? काटे तर कातड्याबरोबरच गेलेले!

मित्र अजून ऐकत नाहीत. मी माझ्यापुरतं रापणकाराचं नाव ठेवलंय.