तण मरावे, पीक राहावे

आमच्या वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार सुरू झाले आणि भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन येऊ लागला. कोणी अर्जुनाची साल, कोणी हळदीच्या गोळ्या, कोणी द्राक्षाच्या बियांची पूड. सांगणे एकच, "औषध फार जहाल असतं, काळीज जपा."

वाचकहो, ही भीती खोटी नाही. शिरेतून देतात त्या लाल औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूच्या बदललेल्या वाणापासून ते मिळाले. ते कर्करोगाच्या पेशी मारते, पण हृदयाच्या पेशींनाही झळ पोचवते, आणि हृदयात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या फारशा येत नाहीत. २००३ च्या एका अभ्यासात शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम औषध झाल्यावर शंभरात सुमारे ५ जणांचे हृदय दुबळे पडले. ५५० ला हाच आकडा २६ वर गेला. म्हणूनच डॉक्टर मात्रेचा हिशेब ठेवतात, इको काढतात.

मग वनस्पतींचे काय? हळदीतले कुरक्युमिन, कांद्यातले क्वेर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतले रेझव्हेराट्रॉल यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हृदयाची हानी कमी केली, हे खरे. पण उंदरावर साधले ते माणसावर साधेलच असे नाही. रुग्णांच्या बाबतीत तसा भक्कम पुरावा अजून नाही. शिवाय तणनाशकापासून पीक वाचवायला जे वापरावे, त्याने तणही वाचले तर? २००२ साली प्रयोगशाळेत नेमके तसे दिसले. कुरक्युमिनमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचा काही औषधांचा मारा बोथट झाला. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी काहींच्या यकृतालाही इजा झाली आहे.

वहिनींनी साऱ्या पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या बंद ठेवायला सांगितले. आमटीतली चिमूटभर हळद मात्र चालू राहिली.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: एकूण मात्रा किती होणार, इको कधी, आणि घरचे हे औषध चालेल का? हृदय जपणारे डेक्सराझोक्सेन नावाचे औषध आहे, पण ते कोणाला द्यायचे हे तेच ठरवतील. उपचार संपून वर्षे लोटली तरी दम लागला, पाय सुजले, तर अंगावर काढू नका.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, रिकाम्या हाताने जा, पण तिच्या गाईची धार तेवढी काढून द्या.