हळदीचं कार्ड

बत्तीस मिलिमीटर लांब, चोवीस रुंद, जाडी दोनच्या किंचित वर, आणि एक कोपरा छाटलेला. वजन दोनेक ग्रॅम. एवढ्याशा जिवात अख्खं लग्न मावतं: हळद, वरात, वरण-बट्टीच्या पंगती, रुसलेल्या मामांसकट. लग्नसराईत देवपूरच्या व्हिडिओ-दुरुस्तीच्या दुकानात असं एखादं कार्ड कागदाच्या पुडीत गुंडाळून हमखास येतं. आणणारा फोटोग्राफर असेल, तर तो फारसं बोलत नाही. त्याचे राहिलेले पैसे या कार्डात अडकलेले असतात. मुलीचा बाप असेल, तर एवढंच सांगतो, "भाऊ, यामा मन्ही आंडेरनी हयद शे." कार्ड मात्र निर्विकार. कॉम्प्युटरला लावलं की हळदीची फाईल दिसते, आकार दिसतो साडेतीन जीबी. पण उघडायला गेलं की ढिम्म.

स्वारीचं घराणं तसं मोठं. सॅनडिस्क, तोशिबा आणि मत्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे एसडी कार्ड जगापुढे आणलं. पोटातली नँड फ्लॅश त्याहून जुनी. तोशिबातले फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये मांडली. वीज गेली तरी लिहिलेलं पुसलं जात नाही, हा या कुळाचा गुण. वागणं मात्र विक्षिप्त.

विसरायला सांगितलं, तर कार्ड विसरल्याचं नुसतं सोंग करतं. फॅट-३२ पद्धतीच्या कार्डातली फाईल डिलीट केली, की यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण पडते आणि तिची जागा 'मोकळी' म्हणून जाहीर होते. आतला मजकूर आहे तिथेच पडून राहतो. बरेचसे कॅमेरे फॉरमॅट करतानाही नुसती यादीच कोरी करतात. म्हणून चुकून डिलीट झालं, एवढ्यावर हातपाय गाळायचं कारण नसतं. खरा घात पुढे होतो. त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा मांडव शूट केला, की त्या मोकळ्या जागेत नवे पाहुणे येऊन बसतात आणि जुन्यांना कायमचं उठावं लागतं. मग कुणाचंच काही चालत नाही.

अंगावर डाव्या बाजूला लॉकची बारीकशी कळ असते. ती खाली सरकवली, की कार्डावर काही लिहिलं जाऊ नये. गंमत म्हणजे याची कार्डाला स्वतःला कल्पनाच नसते. कळ कुठे आहे हे रीडर पाहतो आणि पाळायचं तर तोच पाळतो. दुकानात आलेल्या कार्डाची ही कळ आधी खाली जाते, मग बाकीची चौकशी.

डिलीट न करताही हळद बंद पडते ती कशी? जुन्या आडत दुकानात दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत पडत आणि खतावणी मागाहून होई. कॅमेऱ्यातली एमपी-फोर फाईल त्याच वळणाची. शूटिंग चालू असताना चित्र आणि आवाज एका मोठ्या खणात भराभर पडत जातात. त्या खणाचं नाव एमडॅट. कोणतं चित्र कुठून सुरू होतं, किती लांब आहे, त्याच्या जोडीचा आवाज कुठे आहे, हा सगळा हिशेब मूव्ह नावाच्या भागात असतो आणि बहुतेक कॅमेरे तो अगदी शेवटी, स्टॉपचं बटण दाबल्यावर लिहितात. हळदीत डीजे रंगात आला, कुणाचा तरी धक्का लागला, बॅटरीचं झाकण उघडलं. रोजकीर्द पूर्ण, खतावणी कोरी. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत अशी अर्धी राहिलेली फाईल आरएसव्ही असं शेपूट लावून बसते आणि कचरा समजून भलताच कुणीतरी तीच उडवतो.

दुरुस्तीत मूळ कार्डाला शक्यतो त्रास द्यायचा नाही. आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढायची. डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम आधी सुखासुखी वाचता येणारे भाग उचलतो आणि अडणाऱ्या भागांकडे मागाहून वळतो. आजारी कार्डाशी असंच वागावं लागतं. एकाच दुखऱ्या जागी डोकं आपटत बसलं, तर उरलेलंही हातचं जातं. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर.

आता फाईल आतून पाहायची. सुरुवातीलाच ६६ ७४ ७९ ७० ही एमपी-फोरची चार बाइटांची ओळख सापडते, म्हणजे माणूस आपलाच. त्यानंतर मैलोन् मैल आकडे. त्यांत लांबी सांगणारे चार बाइट आणि लगेच ६५ दिसलं, की बहुधा तिथून एक पूर्ण चित्र सुरू होतं. पुढची चित्रं आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच सांगतात. शेवटी मूव्ह असायला हवा, तिथे काहीच नाही.

इथे भाऊबंद कामी येतात. अनट्रंकसारखा प्रोग्राम त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धडधाकट फाईल मागतो. तिच्यावरून त्या कॅमेऱ्याची लिहायची ढब ओळखतो आणि हरवलेली खतावणी नव्याने मांडतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न असतो, "त्याच दिवसाची दुसरी फाईल आहे का?" बहुधा असते. फॅट-३२ ला चार जीबीपुढची फाईल चालत नाही, त्यामुळे लांबलचक शूटिंगचे कॅमेरा आपसूक तुकडे करतो. त्यांतला शेवटचा मोडला, तरी आधीचे शाबूत असतात.

चित्र आलं, तरी आवाज नखरे करतो. एमपी-फोरमधल्या एएसी आवाजाला स्वतःची ठळक खूण नसते, त्यामुळे तो कुठे सुरू नि कुठे संपतो याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला, की अंतरपाट आधी खाली येतो आणि मंगलाष्टक मागून. मग एडिटिंगला बसून आवाज अलीकडे ओढायचा.

काही कार्डांपुढे मात्र हात टेकावे लागतात. वर १२८ जीबी छापलेलं, पोटात खरी जागा त्याच्या तुटपुंज्या हिश्श्याची. आतला कंट्रोलर खोटंच सांगतो, "आहे, जागा आहे," आणि पोट भरल्यावर येणारं सगळं वाऱ्यावर सोडतो. तिथे हरवलेली खतावणी शोधण्यात अर्थ नसतो. रोजकीर्दच लिहिली गेलेली नसते. बापाला हे सांगणं या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.

अस्सल कार्ड मात्र इतकं लबाड नसतं. दोन खाचांच्या कॅमेऱ्यात जोडीला दुसरं कार्ड द्यावं आणि स्टॉप दाबल्यावर लाल दिवा विझेपर्यंत झाकणाला हात लावू नये, एवढीच त्याची अपेक्षा. हिशेब लिहायला त्याला दोन-चार क्षण पुरतात. पण लग्नघरात तेवढा वेळ थांबतो कोण!