मांडव्याची वाट आणि सुट्टीची गर्दी

गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंतचा जलप्रवास सुमारे एका तासाचा. मागे मुंबईच्या इमारती धूसर होत जातात आणि समोर रायगडचे डोंगर हळूहळू उलगडू लागतात. वर्षअखेरीच्या सुट्टीत अलिबाग, काशीद, मुरूडकडे जाणाऱ्यांची या मार्गावर रीघ लागते. ३१ डिसेंबरच्या रात्री किनाऱ्यावर आतषबाजीही होते.

हा सागर देखणा आहे, पण बेसावध माणसाची गय करीत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. वादळी पावसात प्रवासी घाबरून एका बाजूस धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या दुर्घटनेत १५ जणांचे प्राण गेले.

याच सागराने दिलासाही दिला आहे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली. रायगड पोलिसांची गस्ती नौका तत्काळ धावून गेली आणि बोटीवरील ८८ जण सुखरूप किनाऱ्यास लागले. मात्र मदत दरवेळी इतकी जवळ असेलच, असे नाही. ती येईपर्यंत प्रवाशाचे रक्षण त्याच्या अंगावरील जीवरक्षक जाकीटच करते. आसनाखाली ठेवलेले जाकीट ऐनवेळी हाती लागेलच, याची शाश्वती नसते.

रात्री छोट्या नौकेतून आतषबाजी पाहण्याचा मोह तर अधिक घातक. नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. त्यांवरून समोरची नौका कोणीकडे चालली आहे, हे तांडेलास कळते. आकाशातील झगमगाटाने त्याचे डोळे दिपतात आणि हे दिवे त्या रोषणाईत हरवून जातात. संकटात सापडलेली नौका आकाशात तांबडी ज्योत सोडून मदत मागते. फटाक्यांच्या गर्दीत ती हाकही कोणाच्या ध्यानी येत नाही. शिवाय छायाचित्रासाठी सारे एकाच कठड्याकडे झुकले, की ‘रामदास’ची चूक पुन्हा घडते.

म्हणून आतषबाजी किनाऱ्यावरूनच पाहावी. नौकेत जाकीट बांधून बसावे, मुलांना मधल्या आसनावर बसवावे आणि तांडेलाचे ऐकावे. भरलेली बोट निःसंकोच सोडून द्यावी. धक्क्यावर गेलेला अर्धा तास वाया जात नाही. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी ती ठेव असते.