आपलाच आवाज, आपल्याच कानात

हेडसेट लावला, बोलायला लागलो आणि आपलाच आवाज कानात ऐकू आला, की आपण पहिलं काय करतो? हेडसेट काढून त्याच्याकडे रागाने बघतो! पण मंडळी, थांबा. हा दर वेळी बिघाड नसतो.

जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्येही आपला आवाज थोडासा कानात परत यायचा. त्याला 'साइडटोन' म्हणतात. तो पूर्ण घालवत नाहीत, कारण स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस ओरडायला लागतो. (कान गच्च झाकून रात्री अकराला क्लायंट कॉल घेणाऱ्यांच्या शेजाऱ्यांना विचारा.)

खरा घोळ होतो तो आवाज उशिरा आला की. जेमतेम पाव सेकंद पुरतो. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० साली हे मांडलं होतं: स्वतःचं बोलणं असं मागाहून कानावर पडलं, की चांगला बोलणारासुद्धा अडखळतो.

आमच्या कर्वेनगरच्या घरी आईचा ऑनलाइन गाण्याचा क्लास असतो. नवा हेडसेट आला आणि त्याच आठवड्यात तिचा भूप अडखळायला लागला. ताल सुटायचा, सरगमला जीभ वळायची नाही. "वय झालं रे माझं. बाईंना सांगते, पुढच्या महिन्यापासून नाही जमायचं." मशीनचा दोष ही पिढी किती पटकन स्वतःवर घेते!

म्हटलं, "आता क्लास बंद आहे ना? तरी गाऊन बघ." आवाज मागोमाग येतच होता. म्हणजे बाई निर्दोष, इंटरनेट निर्दोष, चोर घरातच!

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, रेकॉर्डिंगच्या यादीत, माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन' नावाचा टॅब असतो. तिथे 'लिसन टु धिस डिव्हाइस'वर टिक होती. ही सोय आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून आणते, म्हणून तो रेंगाळतो. हेडसेटचा स्वतःचा साइडटोन मात्र जवळपास त्याच क्षणी येतो, त्याने गाणं बिघडत नाही. टिक काढली.

तुमच्याकडे कॉल तोडताच आवाज थांबत असेल, तर आपल्या मशीनला हात लावू नका. पलीकडे कुणाचा तरी स्पीकर त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. एकेकाला म्यूट करत जा, सापडतो.

असो. दोन दिवसांनी आईला विचारलं, "बाईंना क्लास सोडायचं सांगितलंस का?"

"कसलं काय? रियाज चाललाय, दार लाव."