मुंबईला गेलात तर एखादे बेट निवडा

वाचकहो, शाळू निघाला, कडबा रचून झाला, ऊस कारखान्याला गेला, की घरोघरी एक विषय हमखास निघतो. "एकदा मुंबई बघून येऊ." मुंबईला आपले कोणी ना कोणी असतेच. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाची आत्या परळला, कोणाचा गाववाला दादरला. सवड चार दिवसांची, पैसे बेताचे, आणि बरोबर म्हातारी माणसे व लेकरे. मग यादी होते. गेट वे, राजाबाई टॉवर, चौपाटी, राणीचा बाग, महालक्ष्मी, सिद्धिविनायक. चार दिवसांनी माणसे परततात ती पाय सुजवून. काय पाहिले म्हणून विचारावे तर म्हणतात, "गर्दी बघितली."

हे दुसऱ्या कोणाचे नाही, आमच्याच घरचे सांगतो आहे. पण आधी थोडी मुंबईची ओळख करून घेऊ.

मुंबई मुळात सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीला मध्ये पाणी भरे, ओहोटीला चिखल उघडा पडे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने या किनाऱ्यावर 'हेप्तनेसिया', म्हणजे सात बेटे, अशी नोंद करून ठेवली. ती मुंबईचीच, असे बरेच अभ्यासक मानतात. त्या ग्रीक लोकांच्या स्वतःच्या देशात तर हजारो बेटे आहेत, आणि त्यांतल्या सव्वादोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती आहे. तिकडे सुटीला जाणारी माणसेही आता हाच हिशेब करतात, की नावाजलेल्या बेटावर खांद्याला खांदा घासतो, तर शेजारचे निवांत बेट कोणते? आपल्याला ग्रीसला जायचे नाही. पण हा हिशेब आपल्या कामाचा आहे.

पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात १६६१ च्या करारान्वये ही बेटे इंग्रजांच्या राजाला मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली. पुढे वरळीजवळच्या खिंडारात हॉर्नबी नावाच्या गव्हर्नरने बांध घातला. कुलाब्याचा बांधरस्ता १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. बांध घालून पाणी अडवायचे आणि भराव टाकून जमीन करायची, हे काम आपल्याला नवीन नाही. खाजण उठवणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला तर मुळीच नाही. अशी ती सात बेटे एक झाली, आणि आता तिथे राहणाऱ्या माणसालाही आपण बेटावर राहतो हे आठवत नाही.

माझ्या वडिलांनाही ते माहीत नव्हते. मुंबईत त्यांनी एकोणीस वर्षे काढली, लालबागच्या गावकीच्या खोलीत. एका खोलीत तीस-पस्तीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि पाळीपाळीने झोपायची जागा. साचेखात्यात काम, जेवण खानावळवाल्या मावशींकडे. भोंगा झाला की उठायचे, रविवारी कपडे धुवायचे आणि झोपायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार त्यात उतरले. वर्षभर वाट पाहून वडील ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. त्यानंतर मुंबईचे नाव त्यांनी फारसे काढले नाही. सत्तरी कधीच ओलांडल्यावर एका फाल्गुनात मात्र आपण होऊन म्हणाले, "तितं समुद्रात लेणी हायती म्हनं. आमी कवा बघितलीच न्हाईत."

आम्ही शनिवारी कोयना एक्स्प्रेसने दादरला उतरलो. मुक्काम लालबागला मावसभावाकडे. चूक झाली ती रविवारी. मी नेहमीची यादी घेऊन निघालो. सकाळी देवळाची रांग, दुपारी राणीचा बाग, संध्याकाळी चौपाटी. राणीचा बाग वाईट नाही, तिथली जुनी झाडे शेतकऱ्याने बघावीत अशीच आहेत. पण सुटीच्या दिवशी तिथे झाडापेक्षा माणूसच जास्त दिसतो. रात्री वडिलांचे गुडघे आईने तेल लावून चोळले. वडील काही बोलले नाहीत, आणि त्याचेच मला जास्त लागले.

सोमवारी सकाळी घारापुरीसाठी गेट वेला गेलो. तिथे कळले की घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आदल्या दिवशी कोणाला तरी विचारले असते तर! तुम्ही जाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : घारापुरी सोमवारी बंद, राणीचा बाग आणि त्याच्या दारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद.

मावसभाऊ म्हणाला, "दादा, आता आलोच आहोत तर वाळकेश्वरला जाऊ. बाणगंगा बघू." ते ठिकाण माझ्या यादीत नव्हते.

वाचकहो, मलबार टेकडीवर मोठमोठ्या लोकांचे बंगले आणि उंच इमारती. त्यांच्या पायथ्याशी, समुद्राला लागून, एका बोळातून उतरले की एकदम दगडी पायऱ्यांचा मोठा तलाव लागतो. भोवती देवळे, दीपमाळा, जुन्या धर्मशाळा, पाण्यात बदके. मोटारींचा आवाज वरच राहतो. रामाने बाण मारून इथे पाणी काढले अशी कथा आहे. आज दिसते ते बांधकाम रामा कामती यांनी १७१५ मध्ये करून घेतलेले, त्याची पुढे दुरुस्ती होत गेली. पण खरी गंमत पाण्याची. समुद्र इतका जवळ, की देवळामागे गेले तर लाटा दिसतात, आणि तलावातले पाणी गोडे! टेकडीत मुरलेले पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून झऱ्याने इथे येते. आपल्याकडे डोंगराच्या कुशीत पाझर लागतो तसेच हे.

वडील तिसऱ्या पायरीवर बसले. बोट बुडवून जिभेला लावले. (तुम्ही तसे करू नका, आता ते पाणी पिण्याजोगे नाही.) मग आईला म्हणाले, "अगं, खारं न्हाई." ज्याने उभ्या जन्मात तीन विहिरी खणल्या, त्यातल्या दोन मचूळ लागल्या, त्या माणसाला याचे केवढे अप्रूप! दोन तास आम्ही तिथून हललो नाही. आईने एका बाटलीत पाणी भरून घेतले, तुळशीला घालायला.

येताना गिरगावात खोताच्या वाडीतून आलो. कौलारू छपरांची, लाकडी जिन्यांची आणि सज्जांची जुनी घरे, आणि दोन माणसे जेमतेम बरोबरीने चालतील असा रस्ता. लोक तिथे राहतात, तेव्हा हळू बोलावे, कोणाच्या ओट्यावर चढून बसू नये.

मंगळवारी घारापुरी. सकाळची पहिली लाँच पकडावी, म्हणजे उन्हाच्या आणि गर्दीच्या आधी पोचता येते. तासाभराचा प्रवास. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसांत हा बेत ठरवूच नये. लाँचमध्ये जाकीट अंगात घालून बसावे, उकडते म्हणून काढू नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर नौदलाची बोट लाँचवर आदळून माणसे दगावली. बेटावर माकडे आहेत. पिशवीतली भाकरी उघडी दिसली की गेलीच म्हणून समजा.

धक्क्यापासून पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी डोलीची खुर्ची मिळते, चार माणसे उचलून नेतात. मी ती ठरवायला लागलो तर वडील म्हणाले, "चार मान्सांच्या खांद्यावर एकडावच जायाचं असतंय. आज नगं." दर वीस पायऱ्यांना बसत, टेकत, तासाभराने ते वर पोचले.

लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मग समोर वीस फुटांच्या आसपास उंचीची ती तीन मुखांची शिवमूर्ती हळूहळू दिसू लागते. मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, शांत. खांब, छत, देव, सगळे एकाच काळ्या पाषाणातून कोरून काढलेले, बाहेरून आणून बसवलेले काहीच नाही. १९८७ पासून हे जागतिक वारशात आहे. या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिले ते इथल्या एका दगडी हत्तीवरून. इंग्रज तो १८६४ मध्ये विलायतेला न्यायला निघाले, तर उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते जोडून उभा केलेला हत्ती आता राणीच्या बागेत संग्रहालयाजवळ आहे. रविवारी आम्ही त्याच्या शेजारून गेलो होतो, आणि गर्दीत कोणाच्या लक्षातही आले नाही.

लेण्यांशिवाय बेटावर गावे आहेत. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. उतरताना सरबत विकणाऱ्या एका आजींजवळ वडील बसले, आणि दोघे विजेवरच बोलत राहिले. आमच्याकडे मोटारीला रात्री वीज येते, तिकडे इतकी वर्षे दिवाही नव्हता. ती लाँच आम्ही चुकवली, दुसरीने आलो.

बुधवारी वडिलांनीच वाट दाखवली. "आता माजं बेट बघू," म्हणाले. परळ! गिरणी होती तिथे काचेचा मनोरा उभा आहे. त्यांनी त्याच्याकडे एकदाच वर पाहिले आणि पुढे चालू लागले. ज्या बारादेवीच्या देवळावरून ते रोज पाळीला जात, तिथे १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली शिवाची एक अखंड शिळा आहे, अकरा-बारा फूट उंचीची. एका शिवातून दुसरा शिव उमललेला, अशी सात रूपे. ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानतात. घारापुरीला जाऊन जे पाहिले त्याचेच थोरले भावंड परळच्या गल्लीत! ती खोली मात्र नेहमी उघडी असतेच असे नाही, आम्हांला बंद मिळाली. तिची नक्कल गेट वेजवळच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. वडील बंद दाराला हात लावून म्हणाले, "एकोनीस वर्सं हितनं गेलो."

संध्याकाळी शिवडीला गेलो. हा त्याच परळ बेटाचा पूर्वेकडचा काठ. मागे १६८० च्या सुमाराचा छोटा किल्ला, पुढे चिखल, आणि त्यात थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत येणारे रोहित पक्षी. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला लांबच लांब सागरी पूल इथूनच निघतो. त्याच्या कामापासून पूर्वीइतके थवे दिसत नाहीत असे तिथले लोक सांगतात. तरी आम्हांला शे-दीडशे दिसले. जाण्याआधी भरती पाहून जावे, आणि त्याला दिनदर्शिका पुरते. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास भरती, आणि पुढे प्रत्येक तिथीला साधारण पाऊण तास उशीर. पंचमीला चारच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. भरती पुरी चढण्याआधी तास-दोन तास पक्षी काठाजवळ येतात. आई म्हणाली, आपल्या बगळ्यांसारखेच, फक्त रंगपंचमी खेळून आलेले.

बाकीच्या बेटांचे थोडक्यात सांगतो. माहीम-दादरकडे निवांतपणा शोधू नये. तिथे फुलबाजार बघावा, चैत्यभूमीला जावे, आणि ६ डिसेंबरला जाणार असाल तर गर्दी धरूनच जावे. कुलाब्याला दुकाने फार. आणि लालबागला मसाल्याचा बाजार चुकवू नका. आपली संकेश्वरी आणि ब्याडगी तिथे काय भावाने जाते ते बघाच. डंकावर मिरची कुटतात तिथे मात्र नाकाला पदर लावून उभे राहावे लागते!

गुरुवारी परतीच्या गाडीत वडिलांनी विचारले, "त्या सातातली किती झाली आपली?" मी म्हटले, "दोनच. घारापुरी त्या सातांत धरत नाहीत." "म्हंजी पाच ऱ्हायली," म्हणाले, आणि खिडकीला डोके टेकून झोपले. ती पाच त्यांच्याकडून राहिलीच.

पुढच्या वर्षी शाळू निघाल्यावर आईला घेऊन माझगावला गेलो. तिथे टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. खाली पाण्याचा साठा, वर बाग. बाकावर बसले की गोदीतली जहाजे दिसतात. फार कोणी येत नाही. आईने भाकरी आणि ठेचा सोडला, आम्ही जेवलो, आणि दिवसभरात आणखी काही पाहिले नाही. यंदा वरळीच्या कोळीवाड्यातला किल्ला बघायचा विचार आहे.