शेतातले प्लास्टिक आणि न मिसळणाऱ्या साखळ्या

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेतून जे जुने प्लास्टिक निघते, त्यात निदान तीन प्रकारचे पॉलिमर असतात. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिलिनच्या, त्यांना पाणी पुरवणाऱ्या सबमेनचा पाइप पीव्हीसीचा, खताची विणलेली गोणी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची आणि तिच्या आतली पातळ पिशवी पुन्हा पॉलिथिलिनची. भंगारात हे सारे एकाच ढिगात पडते. धुऊन, वितळवून, जाळीतून काढून त्याचा पुन्हा दाणा होतो. त्या दाण्याचा कस बराचसा एकाच गोष्टीवर ठरतो: ढिगातले पॉलिमर रेणूंच्या पातळीवर एकमेकांत मिसळतात की नाही.

बहुतेक वेळा मिसळत नाहीत. याचे गणित 1941-42 मध्ये पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडले. लहान रेणूंचे द्रव सहज मिसळतात, कारण प्रत्येक रेणू सुटा असतो आणि विस्कळीत होण्यातच त्याचा ऊर्जेच्या हिशेबात फायदा असतो. ज्वारी-बाजरीचे दाणे हलवले की एक होतात. तेच दाणे लांब माळांत ओवले तर होत नाहीत. पॉलिमरची साखळी ही अशी माळ. विस्कळीतपणाचा फायदा तिच्या लांबीने भागला जातो आणि जवळजवळ संपतो. मग त्यांना वेगळे ठेवायला दोन रेणूंमधली किंचित नावडही पुरते. दोन्ही साखळ्यांत हजार-हजार एकके असतील, तर त्या नावडीचा अंक 0.002 च्या पुढे गेला की निम्मे-निम्मे मिश्रण फुटते.

म्हणूनच पॉलिथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन, दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनचे असूनही, वेगळे राहतात. अशा मिश्र दाण्याची पट्टी वरून एकसंध दिसते, पण वारंवार वाकवली की तिचे पापुद्रे सुटू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या कडेवर एका पॉलिमरचे थेंब आणि थेंब निघून गेल्यावर उरलेले गुळगुळीत खड्डे दिसतात. खड्डा गुळगुळीत आहे याचाच अर्थ तिथे पकड नव्हती.

रेणूंना एकमेकांची ओढ असेल तर चित्र पालटते. पीव्हीसी आणि नायट्राइल रबर योग्य प्रमाणात एकजीव होतात. तेलाला टिकणाऱ्या नळ्यांत हे मिश्रण वापरतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफिनिलीन ऑक्साइड तर कोणत्याही प्रमाणात मिसळतात. त्या मिश्रणाचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे काचेसारखा कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ होऊ लागतो ते, एकच येते, दोघांच्या मधले. दोन तापमाने आली तर दोन्ही पॉलिमर वेगळे आहेत, ही प्रयोगशाळेतली सरळ परीक्षा. तापवले म्हणजे हमखास मिसळेल, असेही नाही. काही जोड्या थंड असताना एक असतात आणि तापल्यावर फुटतात.

न मिसळणाऱ्या जोडीत जोडणारा घटक घालता येतो. त्याच्या साखळीचा एक भाग एका पॉलिमरमध्ये, दुसरा दुसऱ्यात रुततो; थेंब बारीक होतात, पकड वाढते. पण हा घटक महाग पडतो आणि जोडीगणिक वेगळा लागतो. दाण्याच्या धंद्यात त्याहून मोलाचे काम निवडीचे आहे. पाण्याच्या टाकीत पीव्हीसी बुडते, कारण त्याची घनता सुमारे 1.4. पॉलिथिलिन (0.92 ते 0.96) आणि पॉलिप्रॉपिलिन (सुमारे 0.90) मात्र दोन्ही तरंगतात. जी जोडी मिसळत नाही तिलाच टाकी वेगळे करत नाही. तिथे निवडणाऱ्याचा हात आणि डोळाच लागतो, आणि या कौशल्याला मिळायला हवा तो मान मिळत नाही.

जालन्यात इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा मराठवाडा परिसर 2018 पासून आहे. जिल्ह्याच्याच शेतातले हे प्लास्टिक तिथल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाला घ्यावे. आणि बागाईतदारांनी जुन्या नळ्या गुंडाळताना गोण्या आणि पीव्हीसीचे तुकडे त्यात कोंबू नयेत. तीन वेगळे ढीग बांधावरच करावेत.