रिकामी होडी

मुलांनो, वाऱ्याचं वेळापत्रक ठाऊक आहे का तुम्हाला? पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा शिडाच्या होड्यांना समुद्रात नेई. दुपारचा खारा वारा घरी आणी. आता इंजिनं आली, तरी वादळापुढं त्यांचं काय चालणार?

२०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ घोंघावत होतं. आमच्या बंदरावर धोक्याचा बावटा चढला. सुट्टीनंतर चौथीतला एक मुलगा हिरमुसून म्हणाला, “बाई, बाबा अर्ध्या वाटेतून परतले. जाळं टाकलंच नाही. होडी रिकामी!”

“बाबा सुखरूप आहेत ना?”

“हो.”

“मग केवढी मोठी कमाई झाली, सांग बरं!”

तो खुदकन हसला.

समुद्र कुठं पळून जात नाही. म्हणून शहाणा कोळी आधी बावटा बघतो, मग होडी लोटतो.